रशियन समूह रिदमिक जिम्नॅस्टची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, रिओ आणि टोकियो या तिन्ही ऑलिंपिकमध्ये, बॉल, हूप, रिबन अशी साधने हाती घेऊन संगीतावर खेळल्या जाणाऱ्या रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या समूह प्रकाराची अंतिम फेरी समारोपाच्याच दिवशी झाली. सगळ्यांचे लक्ष तोवर समारोप सोहळ्याकडे लागलेले असते, त्यामुळे पाच मुलींचे हे सादरीकरण अनेकांनी अर्धवटच पाहिले. ज्यांनी नीट पाहिले, त्यांच्या मनात या मुलींविषयी बरेच प्रश्न राहिले. विशेषतः रशियन संघाविषयी ते नेहमी विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

समूह प्रकार म्हणजे नेमके काय, आणि तो वैयक्तिक प्रकारापेक्षा वेगळा कसा?

तेरा मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनी गालिच्यावर पाच मुली एकाच वेळी उतरतात आणि सव्वादोन ते अडीच मिनिटांत आपले सादरीकरण पूर्ण करतात. वैयक्तिक प्रकारात हा वेळ दीड मिनिटाच्या आत असतो. प्रत्येक संघाची दोन सादरीकरणे होतात. एकात पाचही जणींच्या हाती सारखेच साधन असते, तर दुसऱ्यात दोन वेगवेगळी साधने मिसळलेली असतात. लंडनमध्ये पाच बॉल, आणि तीन रिबन (काठीला लावलेली लांब पट्टी) व दोन हूप (मोठे गोल कडे) अशी मांडणी होती. रिओमध्ये पाच रिबन, आणि सहा क्लब्ज (बाटलीसारख्या आकाराचे लहान दांडके) व दोन हूप होते, तर टोकियोमध्ये पाच बॉल, आणि तीन हूप व चार क्लब्ज.

खरा फरक मात्र साधनांत नाही. वैयक्तिक खेळाडूने स्वतः फेकलेला हूप तिला स्वतःलाच झेलायचा असतो. समूहात आपण फेकलेला हूप दुसरी झेलते आणि आपल्याकडे तिसरीने फेकलेला येतो. तोही अनेकदा पाठीमागून, नजरेआडून किंवा जमिनीवर लोळत असताना पायांनी पकडावा लागतो. आपली फेक एक वीत आखूड पडली, तर चूक आपली असली तरी धावावे दुसरीला लागते. या खेळातील मैत्री आणि या खेळातील ताण या दोन्हींचे मूळ मला तेथेच दिसते.

रशियात मुलगी या मार्गाला कोणत्या वयात लागते?

बहुतेक मुली चौथ्या ते सहाव्या वर्षी गावातील क्रीडा शाळेत जाऊ लागतात. सोव्हिएत काळापासून चालत आलेल्या या शाळांचे जाळे देशभर पसरलेले आहे आणि त्यामुळेच रशियन संघ केवळ मॉस्कोच्या मुलींचा कधीच नव्हता. वेरा बिर्युकोवा ही सैबेरियातील ओम्स्कची. वैयक्तिक प्रकारात २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारी येवगेनिया कानायेवा आणि लंडनच्या विजयी समूहातील क्सेनिया दुद्किना यांचेही शहर ओम्स्कच. नताल्या लाव्रोवा पेन्झाची होती, तर मारिया तोल्काचेवा कालुगा प्रांतातील झुकोव या छोट्या शहरात जन्मली. अनास्तासिया ब्लिझन्युकचा जन्म तर युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथे झाला आणि पुढे ती रशियाकडून खेळली.

सुरुवातीची काही वर्षे लवचिकता, बॅले आणि साधनांची ओळख यांतच जातात. त्यानंतर श्रेणी मिळवत वर चढावे लागते आणि ‘मास्टर ऑफ स्पोर्ट्स’ ही पदवी मिळाली की मुलीला राष्ट्रीय पातळीवर गांभीर्याने पाहिले जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात त्या वर्षापासून वरिष्ठ गटात खेळता येते. म्हणजे सोळाव्या वर्षी वरिष्ठ गटात उतरणाऱ्या मुलीच्या पाठीशी तोवर दहा-अकरा वर्षांचा सराव असतो.

नोवोगोर्स्कचे नाव सतत येते. तेथे काय आहे?

नोवोगोर्स्क हा मॉस्कोच्या वायव्येस असलेल्या हिम्की शहराचा भाग आहे आणि तेथे राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षण केंद्र आहे. निवड झालेल्या मुली तेथे राहतात, जेवतात आणि सराव करतात. दिवसाची सुरुवात बॅलेच्या वर्गाने होते, मग साधनांसह सराव आणि संध्याकाळी पुन्हा दुसरे सत्र. सादरीकरणाचे लहान लहान तुकडे करून एकच फेक आणि एकच झेल कितीतरी वेळा घोटला जातो.

या व्यवस्थेवर दीर्घकाळ इरिना विनर यांचा ठसा राहिला. १९४८ मध्ये समरकंद येथे जन्मलेल्या विनर यांनी आधी ताश्कंदमध्ये प्रशिक्षण दिले आणि सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास त्या मॉस्कोला आल्या. रशियाच्या मुख्य प्रशिक्षक आणि २००८ पासून महासंघाच्या अध्यक्ष म्हणून खेळाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. २०१९ मध्ये लुझ्निकी संकुलात उभ्या राहिलेल्या जिम्नॅस्टिक्सच्या भव्य प्रासादालाही त्यांचेच नाव दिलेले आहे.

वैयक्तिक प्रकारात मागे पडलेल्या मुलींना समूहात टाकतात, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे आणि जे अर्धे खरे आहे तेही चुकीच्या सुरात सांगितले जाते. रशियात वैयक्तिक प्रकारासाठी इतकी चुरस असते की जगात अन्यत्र कुठेही राष्ट्रीय विजेती ठरली असती अशी मुलगी तेथे सातव्या-आठव्या क्रमांकावर राहू शकते. अशा मुलीला समूहाचा मार्ग सुचवला जातो आणि अनेकींनी सुरुवातीला तो नाखुशीने स्वीकारलेला असतो, हे समजण्यासारखे आहे.

परंतु समूहासाठी वेगळेच गुण लागतात. उंची आणि शरीरयष्टी इतरांशी जुळणारी असावी लागते, कारण पाच जणींचा पाय एकाच उंचीवर गेला नाही तर तो लगेच डोळ्यांत भरतो. संगीताची जाण सारखी हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारणीची चूक क्षणार्धात ओळखून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, ती सावरून घेण्याची तयारी हवी. वैयक्तिक प्रकारात अत्यंत तेजस्वी असणाऱ्या सगळ्याच मुलींना हे जमते असे नाही. त्यामुळे समूहाला दुय्यम मानणे मला अन्यायाचे वाटते.

एकदा संघात आल्यावर जागा पक्की असते का?

मुळीच नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत रशियन समूहाने सर्वसाधारण, म्हणजे दोन्ही सादरीकरणांच्या एकत्रित गुणांचे, सुवर्णपदक जिंकले. अकरा महिन्यांनी रिओच्या गालिच्यावर जो संघ उतरला, त्यात श्टुटगार्टच्या विजेत्यांपैकी तिघीच होत्या: अनास्तासिया माक्सिमोवा, अनास्तासिया तातारेवा आणि मारिया तोल्काचेवा. उरलेल्या दोन जागांवर लंडनची अनुभवी ब्लिझन्युक आणि अवघ्या अठरा वर्षांची बिर्युकोवा आल्या.

त्यातच नियमही कडक झाले. लंडनपर्यंत ऑलिंपिकच्या संघात सहा मुली असत आणि त्यांपैकी पाच खेळत. रिओपासून संघच पाच जणींचा झाला. सहावी राखीव मुलगी नसल्यामुळे पाचही जणींना दोन्ही सादरीकरणे करावी लागतात. जगज्जेतेपद मिळवूनही ऑलिंपिकला न गेलेल्या मुलींची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत. एका हंगामात घडलेल्या बदलामुळे आयुष्यभराची ओळख मिळते किंवा निसटते, आणि हे सारे वयाच्या विशीच्या आसपास घडते.

रिओच्या अंतिम फेरीत काय घडले होते?

ही फेरी समजून घेतली की समूहाच्या खेळाडूचे काम काय असते ते कळते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

रशियाने २०००, २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग चार सुवर्णपदके जिंकलेली होती. त्यामुळे रिओला गेलेल्या पाच जणींकडून विजयाखेरीज कशाचीही अपेक्षा नव्हती. पात्रता फेरीत मात्र स्पेन पहिला आला आणि रशिया दुसरा. अंतिम फेरीत गुण पुन्हा शून्यापासून मोजले जातात. पहिले सादरीकरण पाच रिबनचे होते.

रिबन हे समूहाचे सर्वांत दगाबाज साधन आहे. किमान सहा मीटर लांबीची साटीनची पट्टी एका बारीक काठीला अडकवलेली असते. तिचे टोक सतत फिरते राहिले पाहिजे, कारण हात क्षणभर थांबला की पट्टी स्वतःभोवती गुंडाळते आणि गाठ बसते. सभागृहातील वातानुकूलनाच्या झोतानेही ती भरकटते. गालिच्यावर येण्यापूर्वी मुली ही पट्टी किती जपून घडी घालून हातात धरतात, ते कधी जवळून पाहावे. पाच मुलींच्या पाच रिबन म्हणजे तीस मीटर कापड हवेत फिरत असते, आणि त्यातील एक दुसरीत अडकली की दोघींचा खेळ एकाच वेळी बिघडतो. त्या दिवशी रशियाला रिबनमध्ये १७.६०० गुण मिळाले आणि स्पेन १७.८०० गुणांसह पुढे गेला.

म्हणजे सहा क्लब्ज आणि दोन हूपच्या दुसऱ्या सादरीकरणात चुकायला जागाच उरली नव्हती. तिघींच्या हाती क्लब्जच्या जोड्या आणि दोघींच्या हाती हूप, अशी एकंदर आठ साधने पाच जणींमध्ये फिरत होती. रशियाने १८.६३३ गुण मिळवले आणि एकूण ३६.२३३ गुणांसह स्पेनच्या ३५.७६६ ला मागे टाकले. सलग पाचवे सुवर्णपदक आले. मागे असताना, वीस गुणांपैकी साडेअठराहून अधिक गुण मिळवून देणारा तो खेळ मला त्या संघाच्या साऱ्या विजयांत सर्वांत मोलाचा वाटतो.

अनास्तासिया ब्लिझन्युकचे नाव इतक्या आदराने का घेतले जाते?

कारण तिने जे केले ते या खेळाच्या सवयीविरुद्ध जाणारे आहे. २८ जून १९९४ रोजी जन्मलेली ब्लिझन्युक अठराव्या वर्षी लंडनला, बाविसाव्या वर्षी रिओला आणि सत्ताविसाव्या वर्षी टोकियोला ऑलिंपिकमध्ये खेळली. तिच्या नावावर दोन सुवर्ण आणि एक रौप्य अशी तीन ऑलिंपिक पदके आहेत. समूहात दोन सुवर्णपदके तिच्याआधीही रशियन मुलींनी मिळवली होती. नताल्या लाव्रोवाने सिडनी आणि अथेन्समध्ये, तर येलेना पोसेविनाने अथेन्स आणि बीजिंगमध्ये ती जिंकली. लाव्रोवा सिडनीला गेली तेव्हा सोळा वर्षांची होती आणि एप्रिल २०१० मध्ये मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला, तेव्हा तिचे वय पंचवीस होते. तिच्याविषयी लिहिताना आजही वाईट वाटते.

ब्लिझन्युकचे वेगळेपण पदकांपेक्षा कालावधीत आहे. तिच्याबरोबर लंडनला सुवर्ण जिंकणाऱ्या ऊल्याना दोन्स्कोवा, क्सेनिया दुद्किना, अलिना माकारेन्को, अनास्तासिया नाझारेन्को आणि कारोलिना सेवास्त्यानोवा यांच्यापैकी एकही जण रिओच्या संघात नव्हती. टोकियोत तिच्यासोबत खेळलेली अलिसा तिश्चेन्को सतरा वर्षांची होती. म्हणजे ब्लिझन्युक लंडनला जिंकली तेव्हा ही तिश्चेन्को आठ वर्षांची होती. नऊ वर्षांत तीन वेगवेगळ्या संघांशी आपली लय जुळवून घेणे हे एका संघात तीनदा जिंकण्यापेक्षा कठीण आहे.

कधी ५७, कधी ३६, कधी ९२. गुणांचे आकडे इतके का बदलतात?

प्रत्येक ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय महासंघ गुणांकनाची नियमावली नव्याने लिहितो. लंडनमध्ये एका सादरीकरणाला ३० पैकी गुण होते. त्यामुळे रशियाचे ५७.००० हे ६० पैकी होते आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बेलारूसला ५५.५०० मिळाले होते. रिओमध्ये एका सादरीकरणाला २० पैकी गुण होते. २०१८ पासून अवघडपणाच्या गुणांवरील वरची मर्यादाच काढून टाकण्यात आली. त्यामुळे संघांनी अडीच मिनिटांत जितक्या फेकी आणि देवाणघेवाणी बसतील तितक्या बसवायला सुरुवात केली आणि टोकियोत बल्गेरियाचे गुण ९२.१०० वर गेले. त्यानंतरच्या नियमावलीत कलात्मकतेला पुन्हा स्वतंत्र स्थान मिळाले. पॅरिसमध्ये चीनचे सुवर्ण ६९.८०० गुणांवर आले. त्यामुळे दोन ऑलिंपिकमधील आकडे शेजारी ठेवून कोण श्रेष्ठ हे ठरवता येत नाही.

साधन हातातून निसटले, तर ते किती लांब गेले यावर वजावट ठरते. जागेवरच उचलता आले तर अर्धा गुण जातो आणि तीन किंवा अधिक पावले टाकावी लागली तर पूर्ण एक. टोकियोत पहिल्या दोन संघांतील अंतर १.४ गुणांचे होते, हे लक्षात घेतले की त्या पावलांची किंमत कळते.

टोकियोतील रौप्यपदकाला रशियात अपयश का मानले गेले?

सलग पाच सुवर्णपदकांनंतर आलेले ते पहिले रौप्य होते. ८ ऑगस्ट २०२१ रोजी बल्गेरियाच्या संघाने ९२.१०० गुण मिळवले आणि रशियन ऑलिंपिक समितीच्या नावाने खेळणाऱ्या संघाला ९०.७०० गुणांवर थांबावे लागले. इटली ८७.७०० गुणांसह तिसरा आला. रशियाच्या संघात ब्लिझन्युक, माक्सिमोवा आणि तातारेवा या रिओच्या तिघी आणि आंगेलिना श्कातोवा व अलिसा तिश्चेन्को या दोन नव्या मुली होत्या. आदल्या दिवशीच वैयक्तिक प्रकाराचे सुवर्णही इस्रायलच्या लिनॉय आश्रामने नेले होते आणि त्या निकालावरून रशियात मोठा गदारोळ चालू होता.

माझे मत स्पष्ट आहे. बल्गेरियाचा संघ त्या दिवशी सरस होता आणि रशियन मुलींनीही सुंदर खेळ केला. ज्या खेळात एका देशाला सतत जिंकण्याची सवय लागते, तेथे सतरा वर्षांच्या मुलीला ऑलिंपिकचे रौप्यपदक गळ्यात असताना दिलगीर दिसावे लागते, ही त्या सवयीची वाईट बाजू आहे.

शरीरावर याचा काय परिणाम होतो?

पाठीचा कणा, घोटे आणि नितंबाचे सांधे यांच्यावर सर्वाधिक भार येतो. कमरेतून मागे वाकण्याच्या हालचाली हजारो वेळा केल्याने पाठीची दुखणी जडतात आणि एकाच पायाच्या चवड्यावर सतत फिरल्याने घोटे व पाऊल दुखावते. मुली पायात जी अर्धी चप्पल घालतात ती फक्त चवड्याला झाकते आणि टाच उघडीच राहते.

वजनाचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तो एकट्या रशियाचा नाही. २०२२ मध्ये इटलीच्या माजी खेळाडूंनी प्रशिक्षणातील अपमान आणि वजनावरून होणारा छळ उघडपणे सांगितला, तेव्हा अनेक देशांत या विषयावर बोलणे सुरू झाले. कौतुक करताना ही बाजू झाकू नये, असे मला मनापासून वाटते. वाढीच्या वयातील मुलीला उपाशी ठेवून मिळालेली रेषा सुंदर म्हणता येणार नाही.

आर्थिक मोबदला मिळतो का?

राष्ट्रीय संघातील खेळाडूंच्या निवास, प्रशिक्षण आणि प्रवासाचा खर्च राज्यव्यवस्था उचलते. ऑलिंपिक पदकासाठी वेगळे रोख बक्षीस असते. रिओच्या वेळी केंद्र सरकारकडून सुवर्णासाठी ४० लाख, रौप्यासाठी २५ लाख आणि कांस्यासाठी १७ लाख रूबल ठरलेले होते. त्याखेरीज प्रांतांकडूनही बक्षिसे मिळतात. परंतु हे ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्या पाच जणींपुरते झाले.

कारकीर्द साधारण कधी संपते आणि पुढे काय?

अनेक जणी एका ऑलिंपिकनंतर, म्हणजे विशीच्या आसपास, थांबतात. बहुतेक जणी क्रीडा विद्यापीठातील शिक्षण पूर्ण करतात आणि प्रशिक्षक, नृत्यसंयोजक किंवा पंच होतात. काही जणी प्रात्यक्षिके आणि शिबिरे घेत देशोदेशी फिरतात. इतर देशांच्या समूहांतही रशियन पद्धतीत घडलेल्या प्रशिक्षकांचा हात दिसतो, तो याच मार्गाने.

२०२२ नंतर रशियन समूहाचे काय झाले?

युक्रेनवरील आक्रमणानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने मार्च २०२२ पासून रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून वगळले. १ जानेवारी २०२४ पासून तटस्थ खेळाडू म्हणून, ठरावीक अटींवर, परतण्याची मुभा देण्यात आली, पण पॅरिस ऑलिंपिकच्या रिदमिक स्पर्धेत एकही रशियन खेळाडू नव्हती. तेथे चीनने सुवर्ण, इस्रायलने रौप्य आणि इटलीने कांस्य जिंकले. १९९६ मध्ये समूह प्रकार ऑलिंपिकमध्ये आल्यापासून रशियन समूहाविना झालेले हे पहिलेच ऑलिंपिक होते.

या काळात सोळा-सतरा वर्षांच्या असलेल्या मुलींनी देशांतर्गत स्पर्धा खेळल्या. युद्धाचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता. पण युक्रेनच्या मुलींना सराव सोडून घर आणि शहर सोडावे लागले, हेही तेवढेच खरे आहे आणि माझ्या दृष्टीने ते अधिक जड आहे. ब्लिझन्युकचे जन्मगाव झापोरिझ्झिया याच युद्धात होरपळत राहिले.

महाराष्ट्रातील मुलींसाठी यात काही आहे का?

महाराष्ट्रात, विशेषतः ठाणे आणि मुंबई परिसरात, रिदमिक जिम्नॅस्टिक्स गांभीर्याने शिकवले जाते. ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडिया युवा स्पर्धांत राज्याला अनेक सुवर्णपदके मिळवून दिली आहेत. ही ओळख वैयक्तिक प्रकारातील आहे. भारताचा समूह ऑलिंपिकला अद्याप कधीही पात्र ठरलेला नाही. त्यासाठी एकाच वयाच्या, एकाच चणीच्या पाच-सहा मुली वर्षानुवर्षे एकाच सभागृहात, उंच छताखाली आणि योग्य गालिच्यावर एकत्र ठेवाव्या लागतील.

पुढच्या वेळी समूहाचे सादरीकरण पाहताना कुठे लक्ष द्यावे?

हवेत उडालेल्या साधनाकडे सगळेच पाहतात. आपण ती फेकणाऱ्या मुलीकडे पाहावे. चांगल्या संघात ती फेक सोडताच मान वळवते आणि पुढच्या कामाला लागते, कारण तिचा हूप कोण झेलणार आहे याविषयी तिला शंका नसते. रिओच्या दुसऱ्या सादरीकरणाचे चित्रीकरण मिळाल्यास तेवढ्याचसाठी पुन्हा पाहावे. बिर्युकोवा, ब्लिझन्युक, माक्सिमोवा, तातारेवा आणि तोल्काचेवा या पाच जणींपैकी कोण कोणती हे पहिल्यांदा ओळखू येणार नाही, तिसऱ्यांदा पाहिल्यावर येऊ लागेल.